चौदा सेकंदांची व्हॉइस नोट: मेल आणि ग्रुपच्या मुदती एका कारखान्याने कशा ठरवल्या

पार्श्वभूमी

चाकण पट्ट्यातला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा हा कारखाना. कंत्राटी धरून सव्वादोनशेच्या आसपास माणसं, तीन शिफ्ट, दोन मोठे ग्राहक आणि काही लहान. नाव, भाग आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. मेल आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचं काय किती दिवस ठेवायचं, याच्या मुदती ठरवण्याच्या कामात मी बाहेरचा सल्लागार म्हणून सुरुवातीपासून होतो.

कंपनीचा मेल गूगल वर्कस्पेसवर होता. मेलबॉक्स साठेक, म्हणजे ऑफिस, क्वालिटी, खरेदी, स्टोअर्स आणि शिफ्ट इन्चार्जपर्यंत. त्याखालच्या कुणाला मेल नव्हता. शॉपफ्लोअरवरचं सगळं काम व्हॉट्सॲपवर चालायचं आणि तेही प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर. ग्रुप किती आहेत हे कुणालाच नक्की सांगता येईना. मोजदाद केली तेव्हा चाळीसच्या वर निघाले: लाइननिहाय, शिफ्टनिहाय, ग्राहकनिहाय, ट्रान्सपोर्टचा, मेंटेनन्सचा, कँटीनचा आणि शिवाय सगळ्यांना एकत्र ठेवणारा 'प्लांट फॅमिली'. काहींचे ॲडमिन नोकरी सोडून गेले होते आणि तरीही ॲडमिन होते.

काय किती दिवस ठेवायचं यावर कारखान्यात कधी चर्चा झालेली नव्हती. लेखा विभागाला हिशेब आठ वर्षं ठेवायचा नियम पाठ होता, कारण सीए दरवर्षी आठवण करून द्यायचे. बाकी विभागांत जागा भरली की पुसायचं, एवढीच रीत होती. माणूस सोडून गेला की त्याचा मेलबॉक्स काढून टाकायचे, कारण दरमहा दरडोई पैसे जातात. काढलेलं खातं वीस दिवसांपर्यंत परत आणता येतं, नंतर नाही. ही वीस दिवसांची गोष्ट आयटी बघणाऱ्या मुलाला माहीत होती, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

अडचण, पहिली बाजू: हवं ते सापडेना

२०२४ च्या उन्हाळ्यात एका मोठ्या ग्राहकाने डेबिट नोट, म्हणजे कारखान्याकडून पैसे वसूल करायचा कागद, पाठवली. एका ब्रॅकेटच्या लॉटमध्ये भोकाचं माप ड्रॉइंगच्या टॉलरन्सबाहेर (चालू शकणाऱ्या फरकापलीकडे) आहे, पूर्ण लॉट रिजेक्ट, शिवाय लाइन थांबल्याचा खर्च तुमच्यावर. रक्कम कारखान्याला जड जाईल इतकी होती.

क्वालिटीच्या लोकांना हा लॉट चांगलाच आठवत होता. टूल झिजलेलं होतं, नवं यायला आठवडा लागणार होता आणि ग्राहकाकडे माल संपत आला होता. इकडच्या क्वालिटी इंजिनिअरने ग्रुपवर मोजमापांचा फोटो टाकून विचारलं होतं, "सर, एवढं वाढतंय, चालेल का?" पलीकडून त्यांच्या इंजिनिअरची व्हॉइस नोट आली होती: चालेल, फक्त हा लॉट पाठवा. त्यावर गाडी सुटली.

हे सिद्ध करायचं होतं. तो ग्राहकाचा इंजिनिअर तोवर दुसऱ्या प्लांटला गेला होता आणि आपल्याला आठवत नाही म्हणत होता. प्रश्न विचारणारा आपला इंजिनिअरही नोकरी सोडून गेला होता, त्याचा मेलबॉक्स काढून टाकलेला होता. त्याला फोन केला तेव्हा तो मनापासून मदतीला तयार झाला, पण जुना फोन दिवाळीत एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला आणि नव्या फोनवर चॅट आणलंच नव्हतं. प्रॉडक्शन मॅनेजरने फोन भरला म्हणून तो ग्रुप 'क्लिअर' केला होता. आणखी दोघांच्या फोनवर ग्रुप होता, प्रश्नही दिसत होता, पण ती व्हॉइस नोट त्यांनी तेव्हा उघडली नव्हती, त्यामुळे ती फोनवर उतरलीच नव्हती. आता दाबली तर उतरत नव्हती.

शेवटी हाती लागला एक स्क्रीनशॉट. डिस्पॅचच्या मुलाने गाडी सोडताना स्वतःला धास्ती नको म्हणून तो काढून इन्स्पेक्शन रिपोर्टसोबत मेलला जोडला होता. त्यात मोजमापांचा फोटो होता, खाली प्रश्न होता, त्याखाली व्हॉइस नोटची पट्टी, लांबी ०:१४, वेळ ६:४२. तारीख दिसत नव्हती. पाठवणाऱ्याचा नंबर दिसत नव्हता, फक्त फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव होतं: 'क्यूए साहेब नवीन'. आणि चौदा सेकंदांत साहेब काय बोलले ते चित्रातून ऐकू येत नव्हतं.

वकिलांनी तो स्क्रीनशॉट बघून सरळ सांगितलं की वाटाघाटीत याचा थोडा उपयोग होईल, कोर्टात यावर उभं राहता येणार नाही. त्यांनी जालन्याचा निकाल समजावला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरणच हजर केलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. इथे मूळ उपकरण एक्स्चेंजमध्ये गेलेलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हे आणखी काटेकोर केलं आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेली आणि फाइल बदलली की बदलणारी खूण, द्यावी लागते. ज्याची फाइलच नाही त्याची हॅश काढणार कशाची?

अडचण, दुसरी बाजू: नको ते सगळीकडे

त्या लॉटचा माग काढताना ग्रुप वर-खाली चाळले गेले आणि तेव्हा 'प्लांट फॅमिली'मध्ये काय काय आहे ते पहिल्यांदा नीट दिसलं. पीएफच्या केवायसीसाठी मागवलेले आधार कार्डांचे पुढून-मागून फोटो. बँक पासबुकं. एका ऑपरेटरच्या बोटाला झालेल्या अपघाताचा व्हिडिओ. पगाराच्या दोन-तीन स्लिपा, चुकून टाकलेल्या आणि तशाच राहिलेल्या.

सर्वांत वाईट होतं ते पॅकिंगमधल्या एका ताईंचं मेडिकल सर्टिफिकेट. स्त्रीरोगतज्ज्ञांचं, निदानासकट. रजा मागितली तेव्हा सुपरवायझरने "पुरावा ग्रुपवर टाका" म्हणून सांगितलं होतं. त्या ताईंनी टाकलं. नोकरी टिकवायची असलेल्या बाईने दुसरं काय करावं? पावणेदोनशे लोकांच्या ग्रुपवर ते दीड वर्ष पडून होतं आणि त्या ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेले लोकही होते. हा प्रकार कळल्यावर एचआर मॅडमनी जे लावून धरलं, त्यामुळेच हे काम डेबिट नोटेपुरतं राहिलं नाही. एरवी मालकांचा कल 'यापुढे सगळं जपून ठेवा' एवढ्यावरच थांबायचा होता.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत होऊन तोवर वर्ष झालं होतं, पण त्याचे नियम आले नव्हते आणि कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली नव्हती. तरी त्याची दिशा स्पष्ट होती: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवायला सांगितलेलं नसलं, तर ती पुसायची. नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला हा कायदा संमतीशिवायही वाव देतो. त्या वावात ग्रुपवर दीड वर्ष पडलेलं सर्टिफिकेट कुठल्याच अंगाने बसत नाही.

म्हणजे एकाच कारखान्यात एकाच वेळी दोन उलट दुखणी होती. ज्याच्यावर पैसा अडकला होता ते नाहीसं झालं होतं आणि ज्याने माणसाची अब्रू उघडी पडत होती ते जपलं गेलं होतं. माझ्या मते या प्रकरणातलं खरं शिकण्यासारखं इथेच आहे. हे दोन्ही वेगवेगळ्या निष्काळजीपणातून घडलेलं नाही. निर्णय, पुरावा, चौकशी, गप्पा आणि खाजगी कागद एकाच नळीतून वाहत होते आणि त्या नळीला एकच मुदत होती: फोन भरेपर्यंत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मालकांचा: काहीच पुसायचं नाही. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या दोनशे फोनांवर 'काही पुसू नका' हा हुकूम चालवता येत नाही. चालला तरी ते सर्टिफिकेटही कायमचं राहतं. शिवाय वाद झाला की सगळ्या ढिगातून शोधून देणं आपल्यावर येतं, त्यात आपल्याविरुद्धचं काही असेल तेही आलं.

दुसरा पर्याय आयटीचा: सगळ्या ग्रुपवर ९० दिवसांचे डिसअपीअरिंग मेसेज चालू करायचे. व्हॉट्सॲपवर २४ तास, ७ दिवस आणि ९० दिवस असे तीन पर्याय आहेत. सोपं आणि फुकट. पण हे सेटिंग चालू केल्यानंतरच्या मेसेजना लागू होतं, जुनं तसंच राहतं. फोटो आपोआप गॅलरीत उतरत असतील तर ते गॅलरीतून जात नाहीत. आणि नुसतं एवढंच केलं असतं तर पुढची व्हॉइस नोट ९१व्या दिवशी हमखास गेली असती. आधी निदान नशिबावर तरी होतं.

तिसरा पर्याय मेल पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाने मांडला: व्हॉट्सॲप बंद, सगळ्यांना पगारी चॅट, सगळं मध्यवर्ती जपलेलं. मोठ्या कंपन्यांना हे परवडतं आणि शोभतं. इथे दोन अडचणी होत्या. ऑपरेटरना खाती द्यायची तर महिन्याचा खर्च तिपटीवर जात होता आणि ग्राहकाचा इंजिनिअर आपल्या चॅटवर येणार नव्हता. त्याचा ग्रुप त्याने बनवलेला, त्याच्या सोयीचा. पुरवठादाराने ग्राहकाला ॲप बदलायला सांगावं अशी परिस्थिती या धंद्यात नसते.

चौथा पर्याय बैठकांतून हळूहळू आकाराला आला आणि त्याचं श्रेय खरं तर क्वालिटी हेडना. ते म्हणाले, "ग्रुपवर बोलू दे की त्यांना. फक्त जे ठरलं ते ग्रुपवर राहता कामा नये." निर्णय झाला की त्याच शिफ्टमध्ये तो बाहेर काढायचा, त्याच्या प्रकारानुसार त्याला मुदत द्यायची आणि मग ग्रुपचं आयुष्य बिनधास्त कमी करायचं. हाच पर्याय पुढे गेला.

निर्णयाचे टप्पे

मुदती ठरवण्याआधी होल्ड

पहिली खडाजंगी क्रमावरून झाली. ते सर्टिफिकेट आणि आधार कार्डं आजच्या आज काढा, असं एचआरचं म्हणणं. डेबिट नोटेचा वाद मिटेपर्यंत एकाही ग्रुपला हात लावू नका, असं वकिलांचं. दोघांचंही बरोबर होतं. हातातला पुरावा दडवला तर तो विरुद्धच गेला असता असं न्यायालय धरू शकतं, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्यातही होतं आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. पुरावा म्हणून लागू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा तर गुन्हाच आहे. वकिलांनी अमेरिकेतलं उदाहरणही दिलं. एपिक गेम्सच्या खटल्यात न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी २०२३ मध्ये नोंदवलं होतं की खटला सुरू असताना गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत चॅट नीट जपल्या नाहीत. त्या चॅट २४ तासांनी आपोआप पुसल्या जायच्या आणि ते थांबवायचं की नाही हे कर्मचाऱ्यांवर सोडलेलं होतं.

तोडगा असा निघाला की वादाशी संबंधित दोन ग्रुप आणि सहा मेलबॉक्स होल्डवर ठेवायचे, म्हणजे वाद मिटेपर्यंत त्यातलं काही पुसायचं नाही, आणि त्यांची यादी लेखी करायची. त्या दोन ग्रुपमधलं जे शिल्लक होतं ते दोन फोनांवरून एक्स्पोर्ट करून, हॅश काढून, वकिलांकडे दिलं. 'प्लांट फॅमिली'चा त्या लॉटशी काही संबंध नाही हे तपासून तसं लिहून ठेवलं आणि मगच तिथलं पुसायला सुरुवात केली. हे लिहून ठेवणं फार मोलाचं होतं, कारण नंतर कुणी विचारलंच तर का पुसलं याचं उत्तर त्या दिवसाच्या तारखेने हाती होतं.

जुनं काढायचं कसं

कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये कंपनीने हात घालायचा नाही, हे एचआर मॅडमनी आधीच बजावलं होतं. जुना ग्रुप बंद केला तरी प्रत्येकाच्या फोनवर तो दिसत राहतो. म्हणून चहाच्या सुट्टीत शिफ्टवार बसून, ज्याचा फोन त्याच्याच हातात ठेवून, ग्रुप आणि गॅलरीतले फोटो काढायला मदत केली. सक्ती नव्हती. बहुतेकांनी काढले. ज्यांचे कागद त्या ग्रुपवर होते त्यांना एकेकाला बोलावून काय झालं आणि काय केलं ते सांगितलं. पॅकिंगच्या त्या ताईंशी मॅडम एकट्याच बोलल्या. सगळ्यांच्या फोनवरून ते गेलं याची खात्री देता येत नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगितलं.

मुदती कुठून आल्या

इथे एका गोष्टीवर ठाम राहिलो: प्रत्येक आकड्यामागे कायदा, करार किंवा कामाची गरज यांपैकी एक काहीतरी दाखवता आलं पाहिजे. 'सात वर्षं ठेवू, बरं असतं' हे चालणार नाही.

ड्रॉइंगमधले बदल, डेव्हिएशनची (ड्रॉइंगपासूनच्या फरकाची) मंजुरी, पीपीएपी (भाग उत्पादनाला मंजूर असल्याचे कागद), टूलिंगच्या नोंदी आणि ग्राहकाच्या पीओ (खरेदी ऑर्डर) यांची मुदत वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकातच आहे: तो भाग उत्पादनात आणि सर्व्हिससाठी लागतो आहे तोवर आणि वर एक कॅलेंडर वर्ष. कारखान्याकडे या मानकाचं प्रमाणपत्र होतं, ऑडिट दरवर्षी व्हायचं आणि फायली नीट असायच्या. फक्त खऱ्या मंजुऱ्या त्या फायलींत नव्हत्या, ग्रुपवर होत्या.

हिशेबाच्या वह्या आणि व्हाउचरना कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे आठ आर्थिक वर्षं. जीएसटीची अट वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिन्यांची आहे, ती यात बसून जाते. विक्री, खरेदी आणि क्वालिटीच्या मेलना चार वर्षं, कारण कराराच्या वादात दावा करायची मुदत साधारणपणे तीन वर्षं असते आणि वर एक वर्ष सोडलं. बाकी मेलबॉक्सना दोन वर्षं. यावर बरीच घासाघीस झाली. मालकांना पाच हवी होती, पण पाच कशासाठी ते कुणाला सांगता आलं नाही. सिस्टिमच्या लॉगना १८० दिवस, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे. कंपनीच्या ग्रुपना ९० दिवस. आणि आधार, पासबुक, मेडिकल सर्टिफिकेट, पगार या चार गोष्टी ग्रुपवर टाकायच्याच नाहीत. एचआरच्या खिडकीवर किंवा एचआरच्या मेलवर द्यायच्या.

मेलच्या मुदती लावायला गूगल व्हॉल्ट, म्हणजे मेल ठरल्या मुदतीपर्यंत जपायची आणि मग पुसायची गूगलची सोय, लागणार होतं आणि ते कंपनीच्या स्वस्त प्लॅनमध्ये नव्हतं. साठ मेलबॉक्सचा प्लॅन वाढवायचा खर्च डेबिट नोटेशेजारी मांडल्यावर मंजुरी मिळायला वेळ लागला नाही. इथे एक सावधगिरी आवर्जून सांगण्यासारखी आहे. व्हॉल्टमध्ये पुसण्याचा नियम चुकीचा लागला तर मुदत उलटलेला मेल कायमचा जातो, विनंती करून परत येत नाही. म्हणून आधी सहा होल्ड लावले, कारण होल्ड नियमाला वरचढ ठरतो. मग एका चाचणीच्या मेलबॉक्सवर नियम लावून वाट पाहिली आणि त्यानंतर विभाग एकेक करून घेतले.

गेटपासची गाठ

सगळ्यांत अवघड होतं ते निर्णय ग्रुपबाहेर काढण्याची सवय लावणं. फर्मान काढून हे होत नाही. क्वालिटी हेडनी मेलचा चार ओळींचा साचा बनवला. विषयात भाग क्रमांक आणि ड्रॉइंगचं रिव्हिजन. आत: आज ग्रुपवर किंवा फोनवर आपण अमुक मान्य केलंत, लॉट अमुक, संख्या अमुक, यात फरक असल्यास कळवावं. मेल ग्राहकाला, प्रत कंपनीच्या 'डेव्हिएशन' मेलबॉक्सला. ग्राहकाने उत्तर नाही दिलं तरी त्याच वेळी लिहिलेली, त्याच्यापर्यंत पोचलेली नोंद तयार होते.

आणि मग त्यांनी सुचवलं की डेव्हिएशन नंबर जॉब कार्डवर नसेल तर माल गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही. प्रॉडक्शन मॅनेजर उसळले. "रात्री दोनला गाडी उभी राहिली तर त्या साहेबाला मेल तुम्ही करणार का?" त्यांची काळजी खरी होती, ग्राहकाची लाइन थांबली तर दंड त्यांच्याच अंगावर येतो. शेवटी असं ठरलं की अशा लॉटला पिवळा टॅग लागेल, गाडी भरायला हरकत नाही, पण नंबर पडल्याशिवाय गेटपास निघणार नाही. रात्रपाळीत शिफ्ट इन्चार्ज स्वतः साचा भरून मेल पाठवेल, इंग्रजीची चिंता न करता, मराठीत किंवा हिंदीत लिहिलं तरी चालेल. भाषेची ही मोकळीक दिल्यावर विरोध बराच निवळला. मेल लिहायला लागणं हीच अनेकांची खरी अडचण होती आणि ती कुणी तोंडाने बोलत नव्हतं.

काय झालं

डेबिट नोटेचा वाद निम्म्या रकमेवर मिटला. स्क्रीनशॉट आणि सोडून गेलेल्या इंजिनिअरचं लेखी निवेदन यांनी थोडं वजन आलं, पण व्हॉइस नोट असती तर एक रुपयाही द्यावा लागला नसता असं वकिलांचं मत होतं. तडजोडीची कागदपत्रं झाली, मग होल्ड उठवले आणि तेही लिहून ठेवलं.

धोरण २०२५ च्या सुरुवातीला लागू झालं. त्याच वर्षी दुसऱ्या ग्राहकाने प्लेटिंगच्या जाडीवरून तक्रार काढली. डेव्हिएशन मेलबॉक्समध्ये भाग क्रमांक टाकला, मेल निघाला, त्यावर ग्राहकाच्या माणसाचं 'नोटेड' असं एका शब्दाचं उत्तरही होतं. तक्रार मागे घेतली गेली.

तोटाही झाला. काही ऑपरेटरनी चार महिन्यांपूर्वीच्या ओव्हरटाइमबद्दल विचारणा केली. थांबायचा निरोप शिफ्टच्या ग्रुपवर आला होता आणि तो ९० दिवसांत गेला होता. टाइम ऑफिसच्या पंचिंगवरून तास सापडले आणि पैसे दिले गेले, पण चार-पाच दिवस कामगारांमध्ये 'कंपनीने मुद्दाम पुसलं' अशी चर्चा होती. ती चर्चा व्हावी यात नवल नव्हतं. मुदत मालकाने ठरवली आणि तोटा कामगाराचा झाला तर संशय येणारच. त्यानंतर ओव्हरटाइमचा निरोप ग्रुपवर द्यायचा बंद झाला. टाइम ऑफिसमध्ये रजिस्टर ठेवलं, त्यावर इन्चार्जची सही आणि कामगाराला त्याचा फोटो काढायची मुभा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्यात सुरक्षेसाठीचे लॉग किमान एक वर्ष ठेवायचे आहेत, म्हणून कारखान्याने १८० दिवसांचा आकडा बदलून वर्ष केला. बाकी तक्त्याला फारसा धक्का लागला नाही, कारण प्रत्येक मुदतीचं कारण शेजारीच लिहिलेलं होतं आणि कुठलं कारण बदललं ते लगेच दिसलं.

वेगळं काय करता आलं असतं

कामगारांचा प्रतिनिधी पहिल्या बैठकीपासून हवा होता. ग्रुपच्या ९० दिवसांवर चर्चा करताना टेबलाभोवती सगळे मेलबॉक्सवाले होते आणि ओव्हरटाइमची आठवण त्यांच्यापैकी कुणालाच झाली नाही. कमावत्या माणसाच्या हक्काचा पुरावा कुठल्या ग्रुपवर आहे, हा प्रश्न ग्राहकाच्या मंजुरीइतकाच आधी विचारायला हवा होता.

धोरणाची पहिली प्रत इंग्रजीत होती, वकिली भाषेत, आणि सह्या घेऊन फाइलला लागली. टाइम ऑफिसबाहेर मराठी आणि हिंदीत एक पानाचा कागद लागला तो बऱ्याच उशिरा. लोकांच्या वागण्यात फरक पडला तो त्या कागदानंतर. तो आधी आणि इंग्रजी प्रत नंतर, असा क्रम चालला असता.

नोकरी सोडणाऱ्याच्या 'नो ड्यूज' फॉर्मवर आता दोन रकाने आहेत: ग्रुपचं ॲडमिनपद कुणाला दिलं आणि मेलबॉक्स कुठल्या मुदतीत बसतो. यासाठी धोरणाची वाट बघायची काहीच गरज नव्हती. कुठल्याही कंपनीत हे पुढच्या राजीनाम्यापासून सुरू करता येतं आणि याला पैसेही लागत नाहीत.

ग्राहकांनी बनवलेल्या ग्रुपवर कारखान्याचा ताबा आजही नाही. ट्रान्सपोर्टचा ग्रुप अजून पूर्वीसारखाच चालतो. स्वतः मालक अनेक मंजुऱ्या फोनवर घेतात आणि मेल करायचा राहून जातो, तेव्हा गेटवरचा सिक्युरिटीवाला गेटपास मागतो आणि पिवळ्या टॅगच्या मालाची गाडी मालकांनी सोडायला सांगितलेली असली तरी थांबते. दोनदा तसं झालं आणि दोन्ही वेळा मालकांनी गाडीत बसूनच चार ओळी टाइप केल्या.